लाइप्झिगची चेलोची गादी

संगीताच्या इतिहासांत गायकांचीं व वादकांचीं नांवें मोठ्या अक्षरांत छापलीं जातात. त्यांना ज्यांनीं शिकविलें त्यांचीं नांवें बहुधा तळटीपेंत जातात. आजच्या भाषणांत अशा तळटीपेंतल्याच कांहीं माणसांची हकीकत मी सांगणार आहें. स्थळ जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांतील लाइप्झिग शहर, संस्था तेथील संगीतविद्यालय, आणि काळ १८४३ पासून १९३३ पर्यंतचा, म्हणजे नव्वद वर्षांचा. या अवधींत त्या विद्यालयांत चेलो हें एकच वाद्य शिकविणारे प्रमुख शिक्षक कोण होते, त्यांचा चरितार्थ कशावर चालत असे, त्यांतील बहुतेक जण लवकर सोडून कां गेले, आणि एक जण मात्र तेथेंच जन्मभर राहिला त्याचें काय फळ झालें, हें पाहावयाचें आहे.

प्रथम वाद्याविषयीं दोन शब्द. चेलो हें व्हायोलोंचेलो या लांबलचक इटालियन नांवाचें शेंपूट आहे. वाद्य व्हायोलिनच्याच कुळांतलें. पण व्हायोलिन हनुवटीखालीं धरतात, तर हें खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांच्या मध्यें उभें धरावें लागतें. त्याला चार तारा असतात व त्या गजानें वाजवावयाच्या असतात. नाद भारदस्त, पुरुषाच्या कंठाला जवळचा. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गोमंतकीय वादकांनीं हें वाद्य वाजविलें, त्यामुळें नांव ठाऊक नसलें तरी त्याचा आवाज आपल्यापैकीं बहुतेकांच्या कानांवरून गेलेला आहे. सारंगीप्रमाणें यालाहि पडदे नसतात. तारा लांब असल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना हाताला बरीच मजल मारावी लागते. वरच्या सप्तकांत तर आंगठाहि तारेवर आडवा टाकावा लागतो. बोट केसभर सरकलें कीं स्वर बिघडलाच. असली विद्या पुस्तकांत उतरवितां येते ती थोडी. बाकीची एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातांत जावी लागते. म्हणूनच आपल्याकडे जशीं घराणीं, तशा तिकडेहि चेलोवादकांच्या गुरुपरंपरा मोठ्या काळजीनें सांगितल्या जातात.

लाइप्झिग हें व्यापाऱ्यांचें आणि पुस्तकें छापणारांचें शहर. सॅक्सनीच्या राजाची राजधानी ड्रेस्डेन. त्यामुळें दरबारी वाद्यवृंद ड्रेस्डेनला, आणि शहरवासीयांनीं आपल्या हौसेनें पोसलेला वाद्यवृंद लाइप्झिगला, अशी वांटणी झालेली होती. १७८१ सालीं कापडवाल्यांच्या व्यापारी इमारतींत एक दिवाणखाना जलशांसाठीं तयार करण्यांत आला. कापडवाल्यांच्या अशा इमारतीला जर्मन भाषेंत गेवांडहाउस म्हणतात, आणि तेंच नांव वाद्यवृंदाला चिकटलें तें कायमचें. १८३५ सालीं फेलिक्स मेंडेल्सोन हा तरुण रचनाकार त्याचा प्रमुख झाला. त्याच सुमारास हाइन्रिख ब्ल्यूम्नर नांवाच्या न्यायखात्यांतील एका अधिकाऱ्यानें मृत्युपत्रानें वीस हजार थालर कलेच्या अथवा शास्त्राच्या एखाद्या संस्थेसाठीं राजाच्या स्वाधीन केले होते. ही रक्कम संगीतविद्यालयाला मिळावी म्हणून मेंडेल्सोननें खटपट केली, ती सफल झाली, आणि १८४३ च्या एप्रिल महिन्यांत विद्यालय उघडलें. पहिल्या शिक्षकांत स्वतः मेंडेल्सोन, रॉबर्ट शूमान, मोरिट्झ हाउप्टमान व व्हायोलिनवादक फर्डिनांड डाव्हिड अशीं नांवें होतीं. असा शिक्षकवर्ग पहिल्याच वर्षीं लाभण्याचें भाग्य फार थोड्या शाळांच्या वांट्यास येतें.

मेंडेल्सोन १८४७ सालीं वयाच्या अडतिसाव्या वर्षीं वारला. संस्था मात्र टिकली. आणि ती कां टिकली हें समजण्यासाठीं तिची व्यवस्था नीट पाहिली पाहिजे. वाद्यें शिकविणारे शिक्षक विद्यालयाला दूरदेशाहून आणावे लागत नव्हते. ते शेजारच्या वाद्यवृंदांत आयतेच बसलेले होते. व्हायोलिनवादकांचा म्होरक्या तोच व्हायोलिनचा शिक्षक, आणि चेलोवादकांमध्यें पहिल्या खुर्चीवर बसणारा तोच बहुधा चेलोचा शिक्षक, अशी प्रथा पडून गेली. त्या पहिल्या खुर्चीवरच्या माणसाचा दिवस मोठा भरगच्च असे. गेवांडहाउसचे जलसे हें एक काम. नाट्यगृहांतील ऑपेरा हें दुसरें. आणि थॉमस चर्चमधील उपासनासंगीत हें तिसरें. योहान सेबास्टियन बाख याने १७२३ पासून १७५० पर्यंत सेवा केली तें हेंच चर्च. यांखेरीज चौघां वादकांच्या लहान संचांत चेलोची बाजू त्यालाच सांभाळावी लागे. उरलेल्या वेळांत विद्यार्थी. आणि त्यांतूनहि वेळ काढून तो स्वराभ्यास लिही, जुन्या रचनांच्या सुधारलेल्या आवृत्त्या तयार करी. कारण ब्राइटकॉफ आणि पेटर्स यांसारखे संगीत छापणारे नामांकित प्रकाशक त्याच गांवांत होते. ब्राइटकॉफचा छापखाना तर १७१९ पासूनचा.

म्हणजे खुर्ची, वर्ग आणि छापखाना असे तीन झरे एकाच माणसाच्या घरीं येऊन मिळत. एकट्या वर्गाच्या वेतनावर असे वादक त्या शहरांत राहिले असते असें मला वाटत नाहीं. परंतु या व्यवस्थेचा लाभ पैशापुरताच नव्हता. सकाळीं ज्या शिक्षकानें विद्यार्थ्याच्या गजाला दोष दिला, तोच शिक्षक संध्याकाळीं शहरासमोर बसून वाजवीत असे, आणि तो विद्यार्थी वरच्या सज्जांतून ऐकत असे. आम्हां गणिताच्या मास्तरांना रोज संध्याकाळीं टाउन हॉलांत सर्वांदेखत त्रैराशिकें सोडवून दाखवावीं लागलीं असतीं, तर आमच्यापैकीं कितीजण सकाळीं इतक्या मोठ्या आवाजांत बोलले असते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या गादीला पहिलें मोठें वजन आणून दिलें तें फ्रीडरिख ग्रुट्झमाखर यानें. त्याचा जन्म १८३२ सालीं डेसाउ येथें झाला. बाप तेथील ड्यूकच्या वाद्यवृंदांतला वादक. मुलाचा गुरु ड्रेक्स्लर, आणि ड्रेक्स्लरचा गुरु ड्रेस्डेनचा डोट्झाउअर. तेव्हां परंपरा पहिल्यापासूनच चोख होती. लाइप्झिगच्या एका लहानशा वाद्यमेळांत तो वाजवीत असतां डाव्हिडनें त्याला हेरलें, आणि १८५० च्या सुमारास, वय अवघें अठरा असतांना, त्याला गेवांडहाउसची पहिली खुर्ची मिळाली. खुर्चीच्या मागोमाग वर्गहि आला. १८६० सालीं ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदाचें बोलावणें आलें तेव्हां तो तिकडे गेला व १९०३ सालीं तेथेंच वारला. त्याचे चोवीस अभ्यासपाठ आजहि चेलोच्या विद्यार्थ्यांना घाम फोडतात.

परंतु या गृहस्थाला एक व्यसन होतें, आणि तें शिक्षकाच्या धंद्यांतलेंच होतें. दुसऱ्याच्या वहींत तांबड्या शाईनें दुरुस्ती केल्यावांचून त्याला चैन पडत नसे. बाखच्या एकट्या चेलोसाठीं लिहिलेल्या सहा रचनांची त्यानें जी मैफलीची आवृत्ति काढली, तींत बाखनें न लिहिलेले स्वरमेळ आणि अलंकार त्यानें खुशाल घातले. अठराव्या शतकांतील बोक्केरिनी या रचनाकाराच्या निरनिराळ्या रचनांचे तुकडे जोडून त्यानें एक नवीनच कॉन्सर्टो सिद्ध केला. कॉन्सर्टो म्हणजे पुढें एक वादक आणि मागें सबंध वाद्यवृंद अशी रचना. हा जोड-कॉन्सर्टो १८९५ सालीं प्रसिद्ध झाला आणि बोक्केरिनीच्या नांवावर पुढें कित्येक दशकें जगभर वाजला. आजचे विद्वान् ग्रुट्झमाखरला यासाठीं फार बोल लावतात. त्यांचें म्हणणें रास्त आहे. तरी पण ज्या काळीं ह्या जुन्या रचना कोणी वाजवीत नव्हतें त्या काळीं त्यानें त्या विद्यार्थ्यांच्या हातांत दिल्या, एवढें त्याच्या जमेच्या बाजूस मांडणें मला न्याय्य वाटतें.

ही तांबडी शाई शिष्यांतहि उतरली. त्याचा शिष्य विल्हेल्म फिट्झेनहागेन हा १८७० सालीं मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत शिक्षक झाला. चायकोव्हस्कीनें चेलो व वाद्यवृंद यांसाठीं लिहिलेली ‘रोकोको व्हेरिएशन्स’ ही रचना १८७७ सालीं प्रथम वाजविली ती त्यानेंच. आणि पुढें तिच्यांतील भागांचा क्रम बदलून, एक भाग गाळून, ती छापविलीहि त्यानेंच. खुद्द रचनाकार हयात असतां! चायकोव्हस्की नाराज झाला, पण त्यानें अखेर तें तसेंच राहूं दिलें. मूळ क्रम विसाव्या शतकांत उजेडांत आला. तरी पुष्कळ वादक अद्याप फिट्झेनहागेनचाच क्रम पसंत करतात.

ग्रुट्झमाखरनंतर गादीवर आला तो एक रशियन. कार्ल डाव्हिडोव्ह याचा जन्म १८३८ सालचा. विश्वविद्यालयांत त्यानें गणिताचा अभ्यास पुरा केला होता, आणि १८५८ सालीं तो लाइप्झिगला आला तो चेलो शिकण्यासाठीं नव्हेच. हाउप्टमानजवळ रचनाशास्त्र शिकून रचनाकार व्हावें हा त्याचा मानस. एका खासगी बैठकींत मेंडेल्सोनची तिघां वादकांसाठीं लिहिलेली रचना व्हावयाची होती, ग्रुट्झमाखर ऐन वेळीं येऊं शकला नाहीं, आणि त्याच्या जागीं हा विद्यार्थी बसला, अशी कथा सांगतात. १८५९ च्या डिसेंबरांत त्यानें गेवांडहाउसमध्यें स्वतःचाच कॉन्सर्टो वाजविला, आणि १८६० सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, खुर्ची आणि वर्ग दोन्ही त्याला मिळालीं. परंतु १८६२ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें आंटोन रुबिन्स्टाइननें नवें विद्यालय काढलें आणि डाव्हिडोव्ह स्वदेशीं परतला.

दोनच वर्षांत लाइप्झिगची गादी सोडल्याबद्दल त्याला कोणी दोष देईल. मला तसें वाटत नाहीं. आयत्या घडलेल्या शाळेंत दुसऱ्याची खुर्ची चालविणें आणि जेथें कांहींच नाहीं तेथें पहिला वर्ग उघडणें या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पीटर्सबर्गला तो पंचवीस वर्षें होता; १८७६ पासून १८८७ पर्यंत विद्यालयाचा संचालकहि होता, आणि गरीब विद्यार्थ्यांच्या राहण्याची व शिष्यवृत्तीची तजवीज करण्यांत त्यानें पुष्कळ शक्ति खर्च केली. १८८७ सालीं एका विद्यार्थिनीशीं जडलेल्या संबंधामुळें त्याला संचालकपद सोडावें लागलें. १८८९ सालीं तो वारला. रचनाकार म्हणून कीर्ति मिळविण्याची त्याची इच्छा फारशी पुरी झाली नाहीं. पण चायकोव्हस्कीनें आपलें ‘इटालियन काप्रिचियो’ त्याला अर्पण केलें, आणि रशियांतील चेलोवादनाचा सारा वृक्ष त्याच्या वर्गांतून वाढला. विसाव्या शतकांत गाजलेला रोस्ट्रोपोव्हिच हा याच वृक्षाची फांदी. त्याचा गुरु कोझोलुपोव्ह, आणि कोझोलुपोव्हचा गुरु व्हेर्झ्बिलोव्हिच हा डाव्हिडोव्हचा शिष्य. डाव्हिडोव्हजवळ क्रेमोनाच्या आंटोनिओ स्ट्राडिव्हारीनें १७१२ सालीं घडविलेला एक चेलो होता. विएल्गोर्स्की नांवाच्या एका रसिक उमरावानें तो त्याला दिला होता. हा चेलो श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

पुढील वीस वर्षांत खुर्चीवर कोणी फार काळ ठरला नाहीं. त्यांतील एमिल हेगार हा बाझेलचा स्विस तरुण. ग्रुट्झमाखर आणि डाव्हिडोव्ह या दोघांचेंहि शिक्षण त्याला लाभलेलें. १८६६ च्या सुमारास तो गादीवर आला. कांहीं वर्षांनीं त्याच्या हाताच्या शिरांना विकार जडला आणि चेलो त्याला कायमचा खालीं ठेवावा लागला. वर सांगितलेल्या व्यवस्थेची ही काळी बाजू. खुर्चीवर शिक्षकपद अवलंबून, आणि खुर्ची दहा बोटांवर अवलंबून. हेगारनें बाझेलला परत जाऊन गायनाचा अभ्यास केला आणि उरलेलें आयुष्य गायन शिकविण्यांत घालविलें. हातानें दगा दिल्यावर गळ्याकडे वळणाऱ्या या माणसाविषयीं मला फार आदर वाटतो. इतिहासांत त्याला दोन ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं. त्याच्यामागून आलेला कार्ल श्रोडर १८८१ सालीं झोंडर्सहाउझेन या लहानशा संस्थानाचा संगीतप्रमुख होऊन निघून गेला आणि तेथें त्यानें आपलें स्वतंत्र विद्यालय काढलें.

आतां आपण त्या माणसापाशीं येऊन पोंचलों, जो गेला नाहीं.

युलियस क्लेंगेल याचा जन्म १८५९ सालीं लाइप्झिगमध्येंच झाला. आजा गेवांडहाउसमध्यें व्हायोलिन वाजवी. बाप वकील, पण मेंडेल्सोनचा स्नेही व संगीताचा भोक्ता. हेगारनें त्याला चेलो शिकविला. पंधराव्या वर्षीं तो वाद्यवृंदांत शिरला, आणि श्रोडर गेला तेव्हां, १८८१ सालीं, बाविसाव्या वर्षीं, पहिल्या खुर्चीवर बसला. त्याच सालीं विद्यालयाचा वर्ग त्याच्याकडे आला. खुर्ची त्यानें १९२४ पर्यंत सांभाळली. या काळांत वाद्यवृंदाचे प्रमुख तीन झाले: कार्ल राइनेके, आर्थर निकिश आणि व्हिल्हेल्म फुर्टव्हेंग्लर. क्लेंगेल एकच. १९२४ सालीं त्याच्या सेवेला पन्नास वर्षें झालीं तेव्हां सत्काराचा जलसा फुर्टव्हेंग्लरनें चालविला. निवृत्तीनंतरहि त्याचें शिकविणें थांबलें नाहीं.

तो शिकवी तरी कसा? त्याच्या शिष्यांनीं पुढें लिहून व सांगून ठेवलेलें वाचतां मोठी गंमत वाटते. तो जवळजवळ कांहींच सांगत नसे. विद्यार्थी सबंध रचना वाजवी. क्लेंगेल मध्यें टोकीत नसे. शेवटीं एखादें वाक्य, डाव्या हाताकडे लक्ष दे एवढेंच. मग तो स्वतःचा चेलो उचलून वाजवी. विद्यार्थ्यानें पाहावें, ऐकावें आणि उचलावें. अशा शिक्षकाचे सगळे शिष्य त्याच्या छापाचे निघावे अशी अपेक्षा कोणीहि करील. घडलें उलटें. त्याच्या वर्गांतून बाहेर पडलेल्या दोन वादकांचा गज एकसारखा चालला नाहीं. आमच्या शिक्षणखात्यांत पाठाचें टांचण, त्यांतील पायऱ्या, प्रश्न व अपेक्षित उत्तरें यांना जें महत्त्व आहे तें मनांत आणलें म्हणजे क्लेंगेलला कोणत्याहि तपासनिसानें नापास केलें असतें असें म्हणावें लागतें. परंतु त्याच्या मौनामागें तयारीचा डोंगर होता हें विसरतां कामा नये. प्रत्येक स्वरसप्तकांतील अभ्यासाचे पाठ त्यानें स्वतः लिहिलेले होते. लहान मुलांना पेलतील असे छोटे कॉन्सर्टो लिहिलेले होते. आणि शिष्यांवर कामाचा बोजा तो असा टाकी कीं बोलण्याची गरजच उरूं नये. १९२० सालीं निकिशच्या पासष्टाव्या वाढदिवसासाठीं त्यानें बारा चेलोंसाठीं एक स्तोत्र रचलें. एका शिक्षकाच्या हाताशीं बारा चांगले चेलो सहज असणें, हीच त्याच्या वर्गाची श्रीमंती.

हे शिष्य आले तरी कोठून कोठून! १९०१ सालीं पोर्तुगालच्या पोर्तो शहराहून गिल्हेर्मिना सुजिया ही सोळा वर्षांची मुलगी आली. खर्च पोर्तुगालच्या राणीनें दिला होता. त्या काळीं चेलो हें स्त्रियांना अशोभनीय वाद्य समजत. तें गुडघ्यांमध्यें धरावें लागतें हीच मुख्य तक्रार. सतराव्या वर्षीं ती निकिशच्या हाताखालीं गेवांडहाउसमध्यें एकटीनें वाजवून गेली. पुढें लंडनमध्यें तिचें नांव फार झालें; ऑगस्टस जॉननें काढलेलें तिचें तांबड्या वस्त्रांतील चित्र प्रसिद्धच आहे.

१९१७ सालीं, महायुद्ध चालू असतां, एमानुएल फॉयरमान आला. दोन वर्षांनीं कोलोन येथील विद्यालयांत चेलोशिक्षकाची जागा रिकामी झाली. तेथला आधींचा शिक्षक आपल्या ग्रुट्झमाखरचाच पुतण्या. त्या जागेसाठीं क्लेंगेलनें या सोळा वर्षांच्या मुलाची शिफारस केली, आणि ती मान्य झाली. १९२९ सालीं फॉयरमान बर्लिनच्या विद्यालयांत हूगो बेकरच्या जागीं गेला. बेकर हाहि ग्रुट्झमाखरचाच शिष्य. जर्मनीभर ही लाइप्झिगची सोयरीक अशी पसरलेली होती. १९२१ सालीं रशियाची सीमा चोरून ओलांडून ग्रेगोर प्याटिगोर्स्की आला. त्या पळापळींत त्याचा चेलो नष्ट झाला. हात तेवढे शाबूत राहिले. मॉस्कोमध्यें त्याला शिकविणारा फॉन ग्लेन हा डाव्हिडोव्हचा शिष्य. म्हणजे साठ वर्षांपूर्वीं लाइप्झिगहून रशियांत गेलेली विद्या या मुलाच्या बोटांतून परत त्याच वर्गांत आली. जपानहून आलेल्या हिदेओ साइतोनें क्लेंगेलजवळ व नंतर फॉयरमानजवळ अभ्यास केला, आणि १९४८ सालीं तोक्योमध्यें लहान मुलांसाठीं जो संगीतवर्ग काढण्यास हातभार लावला, त्यांतूनच तोहो गाकुएन हें विद्यालय उभें राहिलें. सैजी ओझावा हा जगप्रसिद्ध वाद्यवृंदप्रमुख साइतोचाच शिष्य.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीं, यहुदी म्हणून, फॉयरमानला बर्लिनची जागा सोडावी लागली. ऑक्टोबर महिन्यांत क्लेंगेल वारला. गेवांडहाउससमोर १८९२ पासून मेंडेल्सोनचा पुतळा उभा होता. मेंडेल्सोन जन्मानें यहुदी, लहानपणींच ख्रिस्ती झालेला. परंतु नव्या राज्यकर्त्यांच्या हिशेबांत बाप्तिस्म्याला किंमत नव्हती. १९३६ च्या नोव्हेंबरांत, नगरप्रमुख गोर्डेलर परदेशीं गेलेला असतां, एका रात्रींत तो पुतळा काढून टाकण्यांत आला. गोर्डेलरनें परत आल्यावर या गोष्टीवरून आपलें पद सोडलें. पुढें हिटलरविरोधी कटांत सामील झाल्याबद्दल १९४५ सालीं त्याला फांशी देण्यांत आलें. ज्यानें विद्यालय स्थापिलें त्याच्या रचना वाजविण्यास त्याच शहरांत बंदी झाली. १९४४ च्या बॉंबवर्षावांत गेवांडहाउसची इमारत पडली. विद्यालयाला मेंडेल्सोनचें नांव देण्यांत आलें तें १९७२ सालीं, आणि पुतळ्याची प्रतिकृति थॉमस चर्चजवळ उभी राहिली ती २००८ सालीं.

क्लेंगेलचे शिष्य तोंवर पांगले होते. फॉयरमान अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या कर्टिस विद्यालयांत शिकवूं लागला आणि १९४२ सालीं, एका साध्या शस्त्रक्रियेनंतरच्या विकारानें, एकुणचाळिसाव्या वर्षीं गेला. त्याचा वर्ग पुढें प्याटिगोर्स्कीनें चालविला.

क्लेंगेलच्या अखेरच्या शिष्यांपैकीं एकाची गोष्ट राहिली. विल्यम प्लीथ हा लंडनमधला, पोलंडहून आलेल्या यहुदी कुटुंबांतला मुलगा. तेराव्या वर्षीं, १९३० सालीं, शिष्यवृत्ति मिळवून तो लाइप्झिगला गेला. इतक्या लहान वयांत ती शिष्यवृत्ति तोंवर कोणाला मिळाली नव्हती. पंधराव्या वर्षापर्यंत त्यानें बाखच्या सहाहि रचना आणि बत्तीस कॉन्सर्टो तयार केले होते. १९३२ सालीं तो मायदेशीं परतला तो वेळेवरच म्हणावयाचा. पुढें लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयांत त्यानें तीस वर्षें शिकविलें. क्लेंगेलनें मला मी होऊं दिलें, अशा आशयाचें तो नेहमीं सांगत असे, आणि स्वतःच्या शिष्यांशींहि तो तसाच वागे.

१९५० सालीं सुजिया पोर्तो येथें वारली. तिच्या मृत्युपत्राप्रमाणें तिचा स्ट्राडिव्हारी चेलो विकून तरुण चेलोवादकांसाठीं निधि उभारण्यांत आला. १९५६ सालीं त्या निधीचें साहाय्य अकरा वर्षांच्या जॅकलीन द्यु प्रे या इंग्रज मुलीला मिळालें, आणि त्यांतून तिच्या शिक्षणाची फी भरली जाऊं लागली. तिचा शिक्षक विल्यम प्लीथ. क्लेंगेलच्या एका शिष्येचा पैसा क्लेंगेलच्या दुसऱ्या शिष्याला वेतन म्हणून पोंचत होता. या दोघांच्या लाइप्झिगच्या वास्तव्यांत तीस वर्षांचें अंतर होतें. मुलगी विशीच्या उंबरठ्यावर आली तेव्हां तिला एक जुना चेलो भेट मिळाला. १७१२ सालीं घडविलेला, तोच तो डाव्हिडोव्हचा. ‘डाव्हिडोव्ह’ याच नांवानें तो ओळखला जातो.

तिच्या वादनाचीं ध्वनिमुद्रणें आज घरोघरीं ऐकावयास मिळतात. १९७३ सालीं मज्जातंतूंच्या रोगामुळें तिची बोटें बधिर झालीं व मैफलींत वाजविणें थांबलें, वय अठ्ठावीस. त्यानंतर चाकांच्या खुर्चींत बसून ती, शरीर साथ देईपर्यंत, इतरांना शिकवीत राहिली. १९८७ सालीं ती वारली. डाव्हिडोव्हचा चेलो त्यानंतर यो-यो मा यांच्या हातीं आला.